नावडत्या कादंबरीच्या आठ प्रती

प्रिय आई,

एवढे दोन शब्द लिहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तुम्हाला काय म्हणायचं तेच ठरेना. कोर्टाच्या कागदावर सही करून मला पंधरा वर्षं झाली. माजी सैनिक असतात, माजी विद्यार्थी असतात, माजी अध्यक्ष तर जिकडे तिकडे असतात, पण माजी सासू असा शब्द काही आपल्याकडे नाही. शेवटी म्हटलं, बारा वर्षं जिला 'अहो आई' अशी हाक मारली तिला आता दुसरं काही म्हणायला गेले तर हातच चालणार नाही. तुम्हाला ते खटकलं तर तेवढं सोडून द्या आणि पुढचं ऐका. मी भिंगरी लिहितेय. हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत, मी घरात आल्यावर पंधरा दिवसांच्या आत, कारण मी एका जागी बसून चहासुद्धा पीत नसे. आता बसते. गुडघे बसवतात.

माझं बरं चाललंय. पत्रात असं लिहायची रीत आहे म्हणून नाही, खरंच बरं आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या लाँड्रीचं मागचं दार दिसतं. तिथले दोघे भाऊ दिवसभर वाफेत उभे राहून भांडतात आणि दुपारी एकाच डब्यातून जेवतात. एखाद्या दिवशी त्यांचं भांडण ऐकू आलं नाही तर मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. काम तेच आहे, पाणीपुरवठ्याचे नकाशे काढायचं, फक्त शहर दुसरं. पूर्वी शाईने काढायची, माझ्या बोटांवरचे निळे डाग कणकेला लागतील म्हणून तुम्ही मला पिठाला हात लावू द्यायचा नाहीत. आता सगळं संगणकावर असतं. या शहराच्या जमिनीखालून कुठून कुठे किती इंचाची नळी गेलीय आणि कुठला व्हॉल्व्ह कुठल्या साली बसवलाय हे माझ्याइतकं आता कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे खात्यात मान आहे. रस्ता खोदायच्या आधी मला विचारतात. मात्र साडेपाचला कचेरी सुटली की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत मला कुणी काही विचारत नाही. मधे सुट्टीचे दोन दिवस आले तर सोमवारी 'नमस्कार' म्हणताना आधी घसा खाकरून घ्यावा लागतो, इतका आवाज पडून राहिलेला असतो.

म्हणूनच तीन वर्षांपूर्वी मी वाचक मंडळात जायला लागले. आमच्या रस्त्याच्या टोकाला ग्रंथालय आहे, तिथे वरच्या मजल्यावरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता मंडळ भरतं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं, एवढंच. एक लांब टेबल आहे, त्याचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली असते. आम्ही सगळे मिळून आठजण, पण नेमाने बोलणारे चौघंच. ग्रंथपालबाई, ज्यांना बारा महिने सर्दी असते. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्या अजून आमची हजेरी घेतल्यासारखं बघतात. एक दंतवैद्य. आणि एक निवृत्त बसचालक, ज्यांनी आयुष्यातलं पहिलं पुस्तक साठाव्या वर्षी वाचलं आणि आता त्यांचा झपाटा बघून बाकीचे घाबरतात. माझ्याकडे ऐकायचं काम असतं. निवृत्त बाईंनी एकदा विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मीच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागल्या.

वाचायचं वेड मला तुमचं लागलं, हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून तुम्ही घरी यायचात तेव्हा दिवसभर बोलून तुमचा घसा बसलेला असायचा आणि केसांत हेडफोनची खाच पडलेली असायची. "आता मी एक अक्षर बोलणार नाही, तू वाच," असं म्हणून तुम्ही भाजी निवडायला बसायचात आणि मी ओट्याला टेकून मोठ्याने वाचायची. उभ्यानेच. कुठलीही कादंबरी सुरू करायच्या आधी शेवटचं पान वाचून दाखवायचं, ही तुमची अट. मी म्हणायची, अहो आई, मग मजा काय राहिली? तुम्ही नुसतं बोटाने खुणवायचात, वाच. पुढे एकदा तुम्ही कारण सांगितलंत. दिवसभर मी लोकांची पहिली दोन वाक्यं ऐकते, म्हणालात, फोन जोडून दिला की मला बाजूला व्हावं लागतं, पुढे त्यांचं काय झालं ते कधी कळत नाही. निदान घरात तरी मला शेवट कळू दे. त्यानंतर मी वाद घातला नाही. तुमचा मुलगा तोवर आतल्या खोलीत कुणाचा तरी बंद पडलेला रेडिओ उघडून बसलेला असायचा. आणि मला दिवस राहून ते टिकलं नाही, त्या वेळची गोष्ट. तुम्ही आठ दिवस रजा काढलीत. तेव्हा तुम्ही वाचलंत आणि मी ऐकलं. बसक्या आवाजात, चष्मा नाकावरून घसरत असताना, एक अख्खी विनोदी कादंबरी तुम्ही मला वाचून दाखवलीत आणि सांत्वनाचं एक वाक्यही बोलला नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

तर मंडळातली गोष्ट. पुस्तक निवडायची पाळी फिरती असते. माझ्यावर आली की मी ती दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची. या वेळी ग्रंथपालबाई म्हणाल्या, आता नाही म्हटलंत तर तुमचं कार्ड जप्त. मग मी एक नवी कादंबरी निवडली, ती मागच्या पानावरचा मजकूर वाचून. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मागे वळून बघणाऱ्या एका स्त्रीच्या पश्चात्तापाची कहाणी, असं काहीतरी होतं. त्रेपन्न वर्षांची बाई असं पुस्तक उचलणारच. ग्रंथालयाने मंडळासाठी आठ प्रती मागवल्या. कथा अशी, की एक इमारतींचे आराखडे काढणारी बाई असते, नवरा भला असतो, मुलगी शिकायला बाहेर असते, आणि वाढदिवसाच्या दिवशी तिला आठवतं की पंचवीस वर्षांपूर्वी आपण एका चित्रकाराला नाही म्हटलं. मग ती समुद्राकाठी घर भाड्याने घेते आणि तीनशे चाळीस पानं लाटांकडे बघत बसते. चित्रकाराचा पत्ता तिच्या पर्समध्येच असतो. शेवटच्या पानावर ती पर्स उघडते, बंद करते आणि घरी परत येते. हो, मी शेवटचं पान आधी वाचलं होतं. सवय गेलेली नाही. तरी वाटलं, मधे काहीतरी असेल.

परवा शनिवारी आठच्या आठजण आले होते आणि एकालाही पुस्तक आवडलेलं नव्हतं. नुसतं आवडलं नाही असं नाही, त्यांची निराशा झाली होती. फार अपेक्षेने वाचलं होतं सगळ्यांनी. आमच्यात पन्नाशीच्या आतलं कुणी नाही, म्हणजे प्रत्येकाकडे आपापलं काहीतरी असणार, आणि ते या पुस्तकात सापडेल असं वाटलं असणार. निवृत्त बाईंनी वहीतून वाचून दाखवलं की या बाईला पश्चात्ताप झालेला नाही, हिला फुरसत झालेली आहे. दंतवैद्य म्हणाले, "माझ्याकडे असे पेशंट येतात. तासभर दात दुखतो दुखतो म्हणतात, पण तोंड काही उघडत नाहीत." सगळे हसले, मीही हसले. सगळ्यात वाईट बसचालकांना वाटलेलं दिसत होतं. प्रत्येक प्रकरणाला मला वाटत होतं, आता उतरेल, आता उतरेल, ते सांगत होते, पण बाई तिकीट काढून शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिल्या आणि त्याच गाडीने परत. ग्रंथपालबाई नाक पुसत म्हणाल्या, भाषा तरी छान आहे. निवृत्त बाई म्हणाल्या, भाषेचं काय करायचंय? मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण पुस्तक मी निवडलेलं.

मला राग आला होता. त्यांचा नाही, त्या समुद्राकाठच्या बाईचा. मी म्हटलं, पश्चात्ताप असा नसतो. बहुतेक जरा मोठ्याने म्हटलं असेल, कारण निवृत्त बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग कसा असतो?" चिडवून नाही, शाळेत विचारतात तसं, उत्तर खरंच हवं असल्यासारखं. तीन वर्षांत त्या खोलीत मी सलग चार वाक्यं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलायला लागले. सोय म्हणून सुरुवात केली, "माझी एक मैत्रीण आहे." तिने अडतिसाव्या वर्षी घर सोडलं, म्हटलं. नवरा वाईट नव्हता, तो फक्त बोलत नसे. कचेरीत एक इंजिनिअर होता, तो बोलायचा. त्याची बदली दुसऱ्या शहरात झाली तेव्हा तिनेही तिथे नोकरी शोधली. वर्षभरात तो पुढच्या बदलीवर एकटाच निघून गेला, आणि आता त्याचा चेहरा आठवायला तिला जरा वेळ लागतो. तिला पश्चात्ताप होतो तो या दोघांपैकी कुणाचाच नाही. होतो तो तिसऱ्याच माणसाचा, म्हणजे तिच्या सासूचा. मला वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही.

त्यांना मी सगळं काही सांगितलं नाही. ती सकाळ माझ्याकडेच ठेवली. खरं तर मी आदल्या दिवशीच निघणार होते, तुमचा मुलगा कामावरून यायच्या आत. तुम्ही दारात बॅग बघितलीत. मला वाटलं ओरडाल, निदान रडाल. तुम्ही म्हणालात, "जायचंच असेल तर उद्या सकाळी जा, त्याला सांगून जा. तू काही चोरलेलं नाहीस, चोरासारखी कशाला जातेस?" सकाळी मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहाचा कप उचलला आणि खोलीत जाऊन दार लावलं. तुम्ही माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत आलात, बॅगेचा एक बंद माझ्या हातात आणि एक तुमच्या. गाडीला उशीर होता. कितीतरी वेळ आपण शेजारी शेजारी उभ्या होतो, समोरचा दुकानदार फळी उघडत होता ते बघत. मग तुम्ही म्हणालात, "त्याला सोडतेयस ते तुमचं तुम्ही बघा. मला कशाला सोडतेस?" मी म्हटलं, दर रविवारी फोन करेन. तुम्ही मान हलवलीत. मी एकाही रविवारी फोन केला नाही, आई. पहिल्या रविवारी लाज वाटली. दुसऱ्या रविवारी, पहिल्या रविवारी केला नाही याची लाज वाटली. मग तसेच रविवार साठत गेले.

शेवटी फोन तुम्हीच केलात, सात महिन्यांनी, एका दुपारी. माझा नंबर मी कुणाला दिला नव्हता, पण जिने बत्तीस वर्षं अख्ख्या शहराचे फोन जोडून दिले तिला एक नंबर शोधायला काय लागतं. तो इंजिनिअर समोरच बसला होता. त्याची बहीण आणि मेहुणे पहिल्यांदाच घरी आले होते, आणि त्यांना सांगून ठेवलेलं होतं की मला मागचं असं कुणी नाही. मी 'हॅलो' म्हटलं. तुम्ही म्हणालात, "भिंगरी? मी बोलतेय गं." आणि मी म्हटलं, "राँग नंबर." मग तुमच्या कामावरच्या आवाजात, त्या गोड आणि परक्या आवाजात म्हणालात, "बरं, माफ करा हं." आणि ठेवलात. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचं माणूस जेवलंय की उपाशी आहे ते सांगणाऱ्या तुम्ही. तुम्हाला मी सांगितलं की हा आवाज माझा नाही, आणि तुम्ही ते मान्य केलंत, कारण त्या क्षणी मला तेच हवं होतं हे तुमच्या लक्षात आलं. त्यानंतर तुमचा फोन आला नाही. येणार तरी कसा?

फोनची ही गोष्ट मात्र मी मंडळात सांगितली, मैत्रिणीची म्हणून. म्हटलं, पश्चात्तापासाठी समुद्राकाठी जावं लागत नाही. भाजी चिरताना, नकाशावर रेघ ओढताना, जिना चढताना मधेच 'माफ करा हं' असं ऐकू येतं, आणि माफी मागायची होती आपण, मागून गेली ती, हे आठवतं. मग आपण उरलेली भाजी चिरतो. बसचालकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग तुमच्या मैत्रिणीने पुढे काय केलं?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हा निवृत्त बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तीही पर्स उघडून बंदच करतेय." टोमणा नव्हता तो. मैत्रीण कोण ते त्यांना कळलं होतं, बहुधा सगळ्यांनाच कळलं होतं. दंतवैद्यांनी समजूतदारपणे पुढच्या महिन्याच्या पुस्तकाचा विषय काढला.

उठता उठता प्रतींचा प्रश्न निघाला. एरवी ज्याला हवी तो आपली प्रत ठेवून घेतो. या वेळी आठही प्रती टेबलावरच राहिल्या, माझीसुद्धा. कपाटात जागा नव्हती. ग्रंथपालबाई म्हणाल्या, शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम आहे, त्यांनी पुस्तकं मागितली आहेत, यात आणखी थोडी जुनी घालून खोकं बांधून देते, कुणीतरी उद्या नेऊन पोचवा. "त्या बिचाऱ्यांनी काय गुन्हा केलाय?" दंतवैद्य म्हणाले. पण नेणार कोण? त्यांच्याकडे नातवंडं येणार होती, निवृत्त बाईंना भाचीकडे जायचं होतं, बाकीच्यांचंही काही ना काही होतं. मी म्हटलं, मी नेते. कुणी उगाच आढेवेढे घेतले नाहीत. माझा रविवार मोकळा असतो हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. बसचालकांनी खोकं माझ्या जिन्यापर्यंत आणून दिलं. निघताना ते म्हणाले की त्यांच्या गाडीत रोज एखादा तरी माणूस थांबा गेल्यावर जागा व्हायचा. "मी त्याला ओरडायचो," म्हणाले, "पण पुढच्या थांब्यावर उतरवायचो. तिथून चालत मागे येता येतं."

काल रविवारी मी ते खोकं घेऊन बसने गेले. अकरा थांबे आणि मग पाच मिनिटं चालत. बैठी इमारत, पुढे दोन बाकं, दारात नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास. दारावरच्या ताईंनी वही पुढे केली तेव्हा मी माझ्या नावाच्या जागी ग्रंथालयाचं नाव लिहिलं. ताई बोलक्या होत्या. पुस्तकं बघून खूश झाल्या. इथे बऱ्याचजणांना आता दिसत नाही, म्हणाल्या, पण एक आजी आहेत, त्यांना मी दुपारी वाचून दाखवते. डोळे पार गेलेत, कान मात्र असे तिखट की माझ्या पावलावरून सांगतात आज मी कुणावर चिडलेय. आणि हट्टी किती, कुठलंही पुस्तक असो, आधी शेवटचं पान वाचायला लावतात. मी खोकं खाली ठेवलं. विचारलं, त्या पूर्वी काय करायच्या? टेलिफोनमध्ये होत्या, ताई म्हणाल्या. मुलगा चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी या शहरात आला, त्याच्याबरोबर आल्या. मग त्याला परदेशी जावं लागलं. दोन वर्षं झाली त्यांना इथे. महिन्यातून एकदा मुलाचा फोन येतो, बाकी कुणी येत नाही. दोन वर्षं, आई. माझ्या घरापासून अकरा थांब्यांवर.

बैठकीच्या खोलीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. केस आखूड कापलेले, हात मांडीवर. मी खोकं टेबलावर ठेवलं तसं तुम्ही तोंड वळवलंत आणि विचारलंत, "कोण आहे?" एक शब्द बोलले असते तरी तुम्ही ओळखलं असतंत, आणि म्हणूनच मी बोलले नाही. तुम्ही परत म्हणालात, "कोण गं? बस ना जरा, दमली असशील." तिथल्याच मुलींपैकी कुणी वाटले असेन. मी एकेक पुस्तक कपाटात लावलं, दोरी गुंडाळून घेतली आणि चपला न वाजवता बाहेर पडले. म्हणजे दुसऱ्यांदा तेच केलं, आणि या वेळी तर समोर पाहुणेही नव्हते. आज मी रजा काढून हे लिहितेय ते यासाठी, की काल पुस्तकं ठेवून न बोलता गेली ती मी होते, हे तुम्हाला कळायला हवं. फोन करायचं धाडस नाही, ऐन वेळी माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही. सकाळी मी दारावरच्या ताईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, पत्र आलं तर वाचून दाखवेन. ताई, हे वाचताय त्या तुम्हीच असाल तर वहीत नाव न लिहिल्याबद्दल रागावू नका, आणि आई मधेच पुरे म्हणाल्या असतील तर इथपर्यंत आलाच नसाल. आई, माफी मला पत्रातून मागायची नाही, ती समोर बसून मागायची आहे. येत्या रविवारी चार वाजता मी येते. आधी दारातच थांबेन. नको असेल तर ताईंकडे तसा निरोप ठेवा, मी परत जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला येईन, तेवढं मात्र अडवू नका. माझे आईवडील जाऊन आता सहा-सात वर्षं झाली. कचेरीत मला सगळे मॅडम म्हणतात, मंडळात अहो-जाहो करतात, घरमालकसुद्धा बाई म्हणतो. काल तुम्ही मला कोण समजून 'दमली असशील' म्हणालात ते देवाला ठाऊक, पण परतीच्या बससाठी उभी असताना माझ्या लक्षात आलं, की मला 'तू' म्हणणारं आता या जगात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुमचीच,
भिंगरी